दारिद्र्यरेषा, पीकविमा आणि अनुशेष: या तिन्हींमागे असलेले वि. म. दांडेकर कोण होते?

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला गेलं की तारापूर एमआयडीसी सुरू होते. रसायनं, औषधं, कापड, पोलाद असे शेकडो कारखाने. आणखी पुढे, समुद्रकिनाऱ्यावर तारापूरचं अणुऊर्जा केंद्र. देशातलं हे पहिलं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज देतंय.

त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला जव्हार आणि मोखाडा हे तालुके आहेत. तिथे भातकापणी उरकली की घरंच्या घरं कुलूप लावून वीटभट्ट्यांवर कामाला उतरतात.

सरकारी तक्त्यात मात्र या दोन्ही टोकांची बेरीज करून भागाकार होतो आणि जिल्ह्याचा एकच आकडा निघतो. कारखान्याचं उत्पादन जिथे होतं, त्या जिल्ह्याच्या उत्पन्नात ते धरलं जातं. मोखाड्यातल्या घरात त्यातला रुपया पोहोचतो की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मग गरीब नेमका कोण, मागास नेमकं कोण आणि हे ठरवायचं कसं? हा प्रश्न आयुष्यभर हाताळणारा एक मराठी संख्याशास्त्रज्ञ होऊन गेला. त्यांचं नाव विनायक महादेव दांडेकर. दारिद्र्यरेषा, पीकविमा आणि प्रादेशिक अनुशेष हे आज बातम्यांत रोज भेटणारे तीन शब्द. या तिन्हींमागच्या हिशेबावर त्यांचा ठसा आहे.

साताऱ्यातून कोलकात्याला, तिथून पुण्याला

दांडेकरांचा जन्म ६ जुलै १९२० चा, साताऱ्यातला. गणिताची आवड त्यांना संख्याशास्त्राकडे घेऊन गेली आणि हे शास्त्र शिकायचं तर त्या काळात कोलकात्याला पर्याय नव्हता. तिथे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली होती.

महालनोबीस एक साधी पण मोठी गोष्ट सिद्ध करत होते. कोट्यवधी लोकांची माहिती हवी असेल, तर प्रत्येकाच्या दारात जावं लागत नाही. नमुना नीट निवडला, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा निःपक्षपातीपणे निवडला, तर थोड्या घरांवरून सगळ्यांचा अंदाज बांधता येतो. भाताच्या पातेल्यातलं एक शीत चेपून भात शिजला की नाही ते बघतात, तसंच. फक्त ते शीत वरचंच आहे की तळातलंही, याची काळजी घ्यावी लागते.

हे शास्त्र घेऊन दांडेकर १९४० च्या दशकात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आले. ही संस्था १९३० मध्ये सुरू झाली, ती साताऱ्याच्याच रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून. संचालक होते धनंजयराव गाडगीळ. गाडगीळांचा आग्रह असा की अर्थशास्त्र पुस्तकात बसून करायचं नाही, गावात जाऊन करायचं.

गाडगीळांचं गाव आणि महालनोबीस यांचा नमुना, या दोन गोष्टी दांडेकरांच्या कामात एकत्र आल्या. पुढे १९६६ मध्ये ते याच संस्थेचे संचालक झाले आणि १९८० पर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांच्या पत्नी कुमुदिनी दांडेकर याही याच संस्थेतल्या नावाजलेल्या लोकसंख्यातज्ज्ञ. पुणे जिल्ह्यातले जन्म आणि मृत्यू यांची पाहणी दोघांनी मिळून केली. तिचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

कायदा कागदावर, कूळ शेताबाहेर

दांडेकरांच्या सुरुवातीच्या कामात एक सूत्र दिसतं. सरकार जे झालं म्हणून सांगतं, ते खरंच झालं का, हे मोजायचं.

१९५५ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांवरचा अहवाल आला. शाळेत नाव किती मुलांचं आहे, हा सरकारचा नेहमीचा आकडा. या अहवालाने वेगळा प्रश्न विचारला. पहिलीत आलेल्या मुलांपैकी किती पुढे सरकतात, किती त्याच वर्गात अडकतात आणि किती शाळा सोडतात? आज शिक्षण खातं ज्याला गळती म्हणतं, त्याचा हा आपल्याकडचा सुरुवातीचा पद्धतशीर अभ्यास.

दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, ग. ज. खुदानपूर यांच्यासोबतचा कूळकायद्यावरचा अहवाल आला. त्याचा संबंध आजच्या पालघरशीही आहे.

१९४५ मध्ये उंबरगाव, डहाणू, तलासरी या पट्ट्यात वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध मोठा उठाव केला होता. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेतर्फे त्यात होते. जमीन कसणाऱ्याला जमिनीवर काही हक्क आहे की नाही, हा प्रश्न तेव्हा साऱ्या मुंबई प्रांतात पेटलेला होता. १९४८ मध्ये सरकारने कूळकायदा आणला. कुळाला संरक्षण मिळेल आणि मालकाला वाटेल तेव्हा त्याला काढता येणार नाही, असं त्यात होतं.

दांडेकर आणि खुदानपूर यांनी मुंबई राज्यातली नमुन्याची गावं निवडून तपासणी केली. पुढच्या चार-पाच वर्षांत कुळं बदलली का, मालकांनी जमिनी परत घेतल्या का, खंड किती घेतला गेला? निष्कर्ष सरकारला झोंबणारा होता. कुळं पूर्वीसारखीच बदलली जात होती आणि जमिनी मालकाकडे परत जात होत्या. बऱ्याच ठिकाणी हे कुळाच्या स्वखुशीच्या नावाखाली झालेलं होतं. बहुतेक गावांत तर कायदा आला आहे याची चिन्हंच दिसत नव्हती.

कायदा वाईट होता, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. तो राबवणारं कोणी नव्हतं, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं.

२,२५० कॅलरी आणि पन्नास पैसे

दांडेकरांचं नाव देशभर झालं ते १९७१ मध्ये. सहकारी नीळकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या दारिद्र्यावर दीर्घ अभ्यास लिहिला. त्या वर्षीच्या जानेवारीत तो इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली या साप्ताहिकाच्या दोन अंकांत छापून आला.

देशात गरिबी आहे हे सांगायला अभ्यासाची गरज नव्हती. प्रश्न होता रेघ कुठे ओढायची हा. १९६२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने १९६०-६१ च्या भावाने माणशी महिना २० रुपये ही किमान गरज ठरवली होती. त्या गटात गाडगीळही होते. पण २० च का, याचं पटेल असं गणित लोकांसमोर नव्हतं.

दांडेकर आणि रथ यांनी ते मांडलं. माणसाला दिवसाला सरासरी २,२५० कॅलरी मिळाव्यात, हा त्यांनी धरलेला पाया. मग त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे घेतले. १९५० मध्ये सुरू झालेली ही पाहणी घरोघरी जाऊन विचारते की गेल्या महिन्यात काय खाल्लं आणि कशावर किती खर्च केला.

आता पद्धत बघा. सगळ्या घरांना माणशी खर्चाप्रमाणे खालपासून वरपर्यंत रांगेत उभं करायचं. ज्या पायरीवरची घरं आपल्या नेहमीच्या जेवणातून २,२५० कॅलरी मिळवतात, ती पायरी शोधायची. त्या पायरीवरच्या माणसाचा एकूण खर्च, म्हणजे जेवणासोबत कपडा, सरपण, दिवाबत्ती सगळं धरून, ती दारिद्र्यरेषा. गरिबाने काय खावं हे पुण्यात बसून ठरवलेलं नव्हतं. लोक प्रत्यक्षात काय खातात, त्यावरून हिशेब केलेला होता.

१९६०-६१ च्या भावाने हा आकडा आला खेड्यात वर्षाला माणशी सुमारे १८० रुपये आणि शहरात सुमारे २७० रुपये. म्हणजे खेड्यात दिवसाला पन्नास पैसे आणि शहरात पंचाहत्तर पैसे. एवढ्यात जेवणही आलं आणि बाकी सगळंही.

एवढीही ऐपत नसलेले लोक किती निघाले? खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के. शिवाय साठच्या दशकात देशाचं उत्पन्न वाढलं, त्याचा लाभ वरच्या थरांना झाला. तळातले लोक होते तिथेच राहिले आणि शहरांतल्या गरिबांची अवस्था तर आणखी बिघडली, असं या अभ्यासाने दाखवलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक होती आणि इंदिरा गांधींची घोषणा होती गरिबी हटाव. घोषणा राजकारणातून आली होती, पण हटवायची ती गरिबी किती आहे, या वादाला आता ठोस आकडे मिळाले होते.

कॅलरीवरून रेषा ठरवण्याची ही पद्धत पुढे सरकारने उचलली. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी हे प्रमाण घेतलं. कॅलरीवरची ही भिस्त मोडायला २००९ साल उजाडावं लागलं. ती मोडणाऱ्या समितीचे अध्यक्षही मराठीच होते, सुरेश तेंडुलकर.

सुखात्मे विरुद्ध दांडेकर

या आकड्यांना सर्वात तगडं आव्हान पुण्यातूनच मिळालं. आव्हान देणारे होते पां. वा. सुखात्मे. तेही सातारा जिल्ह्यातले आणि तेही संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी सांख्यिकी विभाग सांभाळला होता.

सुखात्मेंचा मुद्दा असा. कॅलरीची गरज सरासरीने सांगता येत नाही. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत स्वतःला जुळवून घेतं. मग सरासरीपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी धरलं, तर उपाशी माणसांची संख्या फुगते.

दांडेकरांचं उत्तर असं की मोजायचं होतं ते दारिद्र्य. कमी खाऊन एखाद्याचं शरीर तग धरत असेल, पण म्हणून त्याची ऐपत वाढत नाही. गरीब असणं आणि कुपोषित असणं या दोन गोष्टींची सांगड आहे, पण त्या एकच नाहीत.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा वाद नियतकालिकांतून रंगला. वरवर तो तांत्रिक होता. पण उपाशी किती हे ठरलं की सरकारने किती धान्य आणि किती पैसा द्यायचा हेही ठरतं. त्यामुळे वादात पणाला लागलेली गोष्ट मोठी होती.

जमीन पुरणार नाही, मग काम द्या

१९७१ च्या अभ्यासात उपायही होता. सगळी जमीन वाटली तरी सगळ्या गरिबांचं पोट भरेल इतकी ती नाही, असं दांडेकर आणि रथ यांनी हिशेब करून मांडलं. डाव्या मंडळींना हे रुचलं नाही. त्यांचा पर्याय होता की जो काम मागेल त्याला सरकारने बांधबंदिस्ती, पाटबंधारे, रस्ते अशा कामांवर किमान मजुरी द्यावी.

महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीची कल्पना आधीच आकार घेत होती. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

स्वतःच्या मताशी जुळणारी योजना म्हणून दांडेकरांनी तिला सवलत दिली नाही. १९८० मध्ये माधव साठे यांच्यासोबत त्यांनी रोजगार हमीची तपासणी केली. कुमुदिनी दांडेकरांनी या योजनेवरच्या स्त्रियांचा वेगळा अभ्यास केला, तो १९८३ मध्ये पुस्तकरूपाने आला. घराजवळ, स्वतःच्या नावावर मजुरी मिळणं हे मजूर बाईसाठी काय असतं, याची मोजदाद त्यात आहे.

शेजाऱ्याच्या शेतावरून ठरणारी भरपाई

पीकविम्याची भरपाई कशी ठरते, हे आजही अनेक शेतकऱ्यांना कोडं वाटतं. माझं शेत बुडालं, मग मला पैसे का नाहीत? याचं उत्तर दांडेकरांच्या १९७६ मधल्या एका लेखापर्यंत जातं.

त्याआधी देशात पीकविम्याचे जे छोटे प्रयोग झाले, त्यांत एकेका शेतकऱ्याचं नुकसान बघून भरपाई द्यायची पद्धत होती. ती खर्चात बुडत होती. दांडेकरांनी विचारलं, कोट्यवधी लहान शेतांची पाहणी करणार कोण? प्रत्येक शेताचं मागच्या दहा वर्षांचं उत्पन्न कुठे लिहून ठेवलंय? आणि नुकसान पावसाने झालं की हयगयीने, हे ठरवायचं कसं?

त्यांचा तोडगा होता क्षेत्र. हवामान आणि जमीन साधारण सारखी असलेला एक भाग घ्यायचा. तिथे काही शेतं निःपक्षपातीपणे निवडून पीक कापणी प्रयोग करायचे. सरासरी उत्पन्न ठरलेल्या पातळीच्या खाली गेलं, तर त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना एकाच प्रमाणात भरपाई. हा पीक कापणी प्रयोग आपल्याकडे शास्त्रशुद्ध करण्यात वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांचाच मोठा वाटा होता. वादातले प्रतिस्पर्धी इथे एकमेकांचं काम पुढे नेताना दिसतात.

१९७९ मध्ये या पद्धतीवर प्रायोगिक योजना सुरू झाली. १९८५ मध्ये सर्वंकष पीकविमा योजना आली. २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेचा सांगाडाही मुळात हाच आहे.

पण क्षेत्र पद्धतीत एक गोम आहे. क्षेत्र जेवढं मोठं, तेवढा एकट्याचा तोटा सरासरीत हरवतो. पालघर जिल्ह्यात हे सहज समजतं. किनाऱ्यालगत खारजमिनी आहेत, मधल्या पट्ट्यात भाताची खाचरं आणि वर डोंगरउतारावर नागली-वरईची वरकस जमीन. ऑक्टोबरच्या पावसात ओढ्याकाठचं खाचर बुडतं आणि वरचं वाचतं. दोन्ही एकाच महसूल मंडळात असतील तर सरासरी ठीकठाक दिसते. म्हणूनच २०१६ च्या योजनेत स्थानिक नुकसान ७२ तासांत कळवण्याची वेगळी तरतूद करावी लागली.

दांडेकरांची अट सारख्या स्वभावाच्या क्षेत्राची होती. सरकारी व्यवहारात क्षेत्र ठरलं ते महसुली हद्दीवरून.

३,१८७ कोटींचा अनुशेष

१९८३ मध्ये राज्य सरकारने दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. विदर्भ आणि मराठवाडा मागे पडले, ही तक्रार जुनी होती. पण किती मागे पडले, हे कोणी मोजलेलं नव्हतं.

समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रं घेतली. प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला तिथवर आणायला किती खर्च येईल, तो त्याचा अनुशेष. १९८४ मध्ये अहवाल आला आणि बेरीज निघाली सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के.

वाद लगेच पेटला. उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष मराठवाड्यापेक्षा जास्त कसा, हा विदर्भ-मराठवाड्याचा सवाल. त्यावर उत्तर असं की समितीने प्रदेश न मोजता जिल्हे मोजले होते आणि उर्वरित महाराष्ट्रातही मागास जिल्हे होते.

अनुशेष हा शब्द मात्र राज्याच्या राजकारणात कायमचा रुजला. १९९४ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) खाली तीन वैधानिक विकास मंडळं आली. पुढच्या समित्यांनी अनुशेष पुन्हा पुन्हा मोजला.

जिल्ह्याची सरासरी आणि मोखाडा

जिल्हा हे एकक घेतलं की प्रदेशाच्या सरासरीत लपलेले जिल्हे दिसू लागतात. पण जिल्ह्याच्या सरासरीत लपलेले तालुके दिसत नाहीत. याचं ठळक उदाहरण म्हणजे जुना ठाणे जिल्हा.

२०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे १ कोटी १० लाख, देशात सर्वाधिक. त्यात आदिवासी सुमारे १४ टक्के. हा आकडा वाचून कोणाला वाटणार नाही की याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत. ठाणे, कल्याण, नवी मुंबईचे रस्ते, शाळा आणि दवाखाने एकाच पाटीवर मांडले की मोखाड्याची उणीव त्यांत विरघळून जाते.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात मोठ्या संख्येने बालकं दगावली. मुंबईपासून काही तासांवर हे घडत होतं आणि जिल्ह्याच्या आकड्यांत त्याची पूर्वसूचना नव्हती. त्याच सुमारास सुकथनकर समितीच्या शिफारशींवरून राज्याने आदिवासी विकासाचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा काढायला सुरुवात केली. २०१३ च्या केळकर समितीने तर जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक धरण्याकडे लक्ष वेधलं.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. २०११ च्याच आकड्यांवर आदिवासींचं प्रमाण एकदम सुमारे ३७ टक्के दिसू लागलं. माणसं तीच आणि गावंही तीच होती, फक्त भागाकाराची हद्द बदलली. तरीही काम संपलेलं नाही. नव्या जिल्ह्याच्या सुमारे ३० लाख लोकसंख्येपैकी १३ लाखांहून अधिक एकट्या वसई तालुक्यात आहेत आणि उत्पादनाचा मोठा भाग तारापूरच्या पट्ट्यात.

शेवटची वर्षं

दांडेकरांनी १९७० मध्येच इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी ही संस्था काढली होती. गोखले संस्थेतून बाहेर पडल्यावर त्यांचं काम तिथून चाललं. १९८९ पासून संस्थेचं नियतकालिक निघू लागलं. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय अर्थव्यवस्थेचा आढावा त्यांनी लिहायला घेतला. शेतीवरचा पहिला खंड १९९४ मध्ये आला. ३० जुलै १९९५ ला त्यांचं निधन झालं. लोकसंख्या, दारिद्र्य आणि रोजगार यांवरचा दुसरा खंड त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

त्यांनी ओढलेली रेषा आज कोणी वापरत नाही. २,२५० हा आकडा मागे पडला आणि ३,१८७ कोटी ही रक्कमही जुनी झाली. पण शिधापत्रिकेचा रंग, विम्याची रक्कम किंवा तालुक्याचा निधी ठरताना कोणीतरी कुठेतरी एक सरासरी काढतं. ती कोणत्या हद्दीत काढली, कोणाला सोबत धरून काढली आणि तळातलं शीत चेपून पाहिलं का, हे तीन प्रश्न त्या आकड्याला विचारायलाच हवेत. दांडेकरांनी तीस-चाळीस वर्षं सरकारला, सहकाऱ्यांना आणि स्वतःच्या आवडत्या योजनांनाही ते विचारले.